परीक्षेच्या सकाळचं शेवाळाचं सूप

गुनसान, मंगळवार

आदरणीय नूना,

धाकटा भाऊ दॉकसू याचा टोरांटोच्या दिशेला तोंड करून कमरेतून वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इथे थंडी पडली आहे, माझी कंबर अजून जागेवर आहे. ही (म्हणजे तुझी भावजय) वर्षाचं किमची घालायला माहेरी गेली आहे आणि दोनशे कोबी संपल्याशिवाय परतणार नाही. म्हणजे जे काही घडलं तेव्हा घरात मोठं माणूस मी एकटाच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझी नात एस्तर सुखरूप पोचली असेलच. पोर गुणाची आहे, फक्त चार दिवसांत अख्खा कोरिया समजून घ्यायचा म्हणून वही घेऊन आली होती. पहिल्याच दुपारी शेजारच्या नामगुंगबाईंच्या खाणावळीत नेली. सोयासॉसमध्ये मुरलेला कच्चा खेकडा पाहून ती तोंड वळवणार अशी माझी खात्री, तर तिने कवचात भात कालवून बोटं चाटली. पंचाईत वेगळीच झाली. ताटात काही टाकू नये असं तिनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, आणि रिकामी वाटी दिसली की नामगुंगबाईंचा हात शिवशिवतो. ही संपवते, त्या भरतात. दोघीही चांगल्या वळणाच्या, त्यामुळे माघार कुणीच घेईना. मोड आलेल्या सोयाबीनची सातवी वाटी आली तेव्हा मी तिच्यावर पालथा पंजा ठेवला. दुसऱ्या दिवशी बाई तिला सार्वजनिक न्हाणीत घेऊन गेल्या आणि खरखरीत हातमोज्याने घासून घासून लालबुंद करून परत आणली. "हाराबोजी, माझी कातडी निघाली," या आजोबाला म्हणाली, "पण छान वाटलं." आणि ते वहीत लिहून घेतलं.

माझा जीव मात्र कशातच नव्हता. शनिवारी आमच्या बोरामची शिक्षक भरतीची परीक्षा होती. तिसरी खेप. पोरीला एकतिसावं लागलं आहे, दोन वर्षं ती अभ्यासाच्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर येते, आणि या वेळी झालं नाही तर पुन्हा बसणार नाही असं तिने जाहीर केलं आहे. आणि नेमका त्याच शनिवारी एस्तरचा वाढदिवस. त्यात तुझा हुकूम, पोरीला समुद्री शेवाळाचं सूप मिळालंच पाहिजे. नूना, तू परदेशात राहून विसरली असशील म्हणून लिहितो: त्या सुपाशिवाय वाढदिवस होत नाही हे खरं, पण परीक्षेच्या दिवशी त्याचा घरात वाससुद्धा नको. ते बुळबुळीत असतं. खाणारा परीक्षेत घसरतो. (हे सगळं मी मानत नाही. फक्त महिनाभर घरात कुणी 'घसरणे' हा शब्द उच्चारायचा नाही असा नियम केला होता, आणि न्हाणीघरातला साबण उचलून माळ्यावर ठेवला होता. तोंड धुण्यापुरता मागितला की काढून द्यायचो.)

योजना बिनचूक होती. बोराम सातला घर सोडणार, साडेसातला मी एस्तरला नामगुंगबाईंकडे नेणार, सूप तिथेच शिजणार, तिथेच संपणार. बाईंना मी खिडक्या बंद ठेवायलाही सांगितलं होतं. "दॉकसूराव," त्या म्हणाल्या, "परीक्षा तुमची आहे की पोरीची?" मी दुर्लक्ष केलं.

शनिवारी सहाला उठलो तर स्वयंपाकघरातून तिळाच्या तेलाचा खमंग वास. वाढदिवसाच्या दिवशी घरातल्यांना आपल्या हातचं खाऊ घालावं असं एस्तरच्या मनात आलं. दुकानातून तिने स्वतःच वाळलेलं शेवाळ आणलं होतं आणि अख्खं पाकीट भिजत घातलं होतं. वीस माणसांचं पाकीट, नूना. भांडं भरून ते बादलीत गेलं, बादलीतून कपडे धुण्याच्या टबात, आणि तरी ते फुगतच होतं. पण मी टबाकडे पाहिलंच नाही, कारण टेबलाशी बोराम बसली होती आणि तिचा दुसरा वाडगा चालू होता.

मी म्हटलं, "ठेव तो चमचा खाली."

"अप्पा, गेल्या दोन्ही वेळा मी महिनाभर याला शिवले नव्हते," ती म्हणाली. "तेव्हा काय झालं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? नापासच झाले ना? निदान आज पोट तरी भरलंय." मग एस्तरकडे वळून, "अजून थोडं वाढ गं."

एस्तर बिचारी एकदा माझ्याकडे पाही, एकदा पातेल्याकडे. मी तसाच सपाता घालून कोपऱ्यावरच्या दुकानात पळालो. उतारा म्हणून यॉत हवी होती. परीक्षेच्या दिवसांत ती चिकट गोड कांडी सगळीकडे मिळते. खाणारा यशाला चिकटून राहतो म्हणतात. (हेही मी मानत नाही. फक्त सहा घेतल्या.) परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी बोरामला गाठून म्हटलं, चाव, माझ्यासमोर चाव. तिने चावली. मी 'अजून जोरात' म्हणालो. तिने जोरात चावली, आणि कांडीबरोबर मागच्या दाढेची टोपी बाहेर आली.

माझी मुलगी ती टोपी कागदात गुंडाळून, गाल धरून आत गेली. मी फाटकाबाहेर दिवसभर उभा होतो. नूना, मला रडू येत होतं, आणि आजूबाजूला इतरांच्या आया होत्या म्हणून मी नाक शिंकरत राहिलो. दुपारनंतर ती बाहेर आली. पेपर कसा गेला विचारायची छाती झाली नाही, तर तीच म्हणाली, "दाढ एवढी ठणकत होती अप्पा, की घाबरायला सवडच मिळाली नाही." हे चांगलं की वाईट ते मला अजून कळलेलं नाही. निकाल महिन्याभराने आहे. तोवर माझ्या झोपेचं काही विचारू नकोस.

एस्तरला रागावू नकोस. सूप खरोखर छान झालं होतं.

तुझा,
दॉकसू

ता. क. टबातलं शेवाळ अजून संपलेलं नाही. तीन दिवस तिन्ही वेळा मी तेच खातो आहे.

आणखी ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते वर कुठेच आलं नाही. तुझ्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी मला नववं वर्ष लागलं होतं. त्या दिवशी सूप करायचं नाही असं आईने ठरवलं होतं. मी भोकाड पसरलं म्हणून तिने केलं. अर्धं टाकून मी खेळायला पळालो, आणि परत आलो तेव्हा वाडगा रिकामा होता. तू नापास झालीस, सोलला विगच्या कारखान्यात गेलीस, तिथून कॅनडाला. शिकलो मी. बावन्न वर्षं विचारीन विचारीन म्हणतो आहे: ते उरलेलं सूप तू खाल्लं होतंस का? खाल्लं असशील तर या पत्राला उत्तर देऊ नकोस. नसशील तर लगेच फोन कर. पत्र पोचायला दहा दिवस लागतात असं पोस्टात म्हणाले. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपासून मी घराबाहेर पडणार नाही.