दोनदा केलेली दुरुस्ती

प्रिय मास्तर,

तुझं कार्ड मिळालं. आम्ही गमतीने मास्तर म्हणायचो आणि तू खरोखरच शाळेत शिकवायला लागलास. तुझं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर मुलं फळ्यावर वाचतात तरी कशी, देव जाणे. इथली खबर अशी की आपली दुर्बीण मंगळवारी बंद केली. चौदा वर्षं आभाळात राबली बिचारी. शेवटची आज्ञा पाठवली, पोच आली आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ उरली. कुणीतरी बिस्किटं आणली होती, ती तशीच पडून राहिली.

गॅमा किरणांचा स्फोट टिपला की दुर्बिणीकडून फोनवर इशारा यायचा आणि आपण दोघं हातातला घास टाकून पळायचो. स्फोट काही सेकंदांचा, मोजमाप मात्र महिनाभर चालायचं. त्या मोठ्या स्फोटाच्या वेळी तर तू दाढी करायचंही विसरलास. इतका तेजस्वी स्फोट आजवर कुणी मोजला नाही, असं सांगत अख्ख्या मजल्याला चहा पाजलास. तुझा तो चेहरा मला फार आवडायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढचं तुला पाठ आहे. दुसऱ्या एका दुर्बिणीने तोच स्फोट मोजला, तर आकडा आपल्या निम्माच आला. तुझा शोधनिबंध मागे घेतला गेला, चौकशी बसली. किरणांचा मारा फार झाला की यंत्र गांगरतं, एक मोजताना पुढचे निसटतात; म्हणून निसटलेल्यांचा अंदाज बांधून आपण आकडा वाढवायचो. चौकशीत ठरलं की तू तो दोनदा वाढवलास. तू मान खाली घालून निघून गेलास.

दोनदा वाढला हे खरं. पण पहिल्यांदा तो मी वाढवला होता. आकडे पुढे देताना वर तशी नोंद करायची आपली पद्धत. मी घाईत ती केली नाही. कच्चे आकडे समजून तू पुन्हा वाढवलेस. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी मला नोकरीत कायम करायचा कागद सहीला जाणार होता. मी तोंडाला कुलूप लावलं. तू माझ्यावर साधा संशयही घेतला नाहीस, याचा मला आजही राग येतो.

कार्डात तू एवढंच मागितलंस की दुर्बिणीने टिपलेल्या सगळ्या स्फोटांच्या शेवटच्या यादीत त्या स्फोटापुढे चूक म्हणून तुझं नाव नको. तुझी भाची याच विषयात शिकायला निघालीय, ती वाचेल. यादी माझ्याच हातात होती. नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण एकच होतं. आज दुपारी चारपर्यंत मी त्या ओळीसमोर बसून होते. मग आहे तशीच सही केली. यादीत आता कुणालाच बदल करता येणार नाही. खरं आधी कळवलं असतं तर माझी नोकरी वाचावी म्हणून तूच मला गप्प बसवलं असतंस, आणि मग ते तुझ्या सांगण्यावरून झालं असं मी स्वतःला समजावत राहिले असते. तेवढी पळवाट नको होती, म्हणून सही झाल्यावर लिहितेय.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची