केतकीच्या वर्गातला जीन्सचा खिसा

गुरुवार, संध्याकाळ

केतकीचा हेवा वाटतोय. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल. परवा परवा शाळेत लागलेली ही पोरगी, आणि हेडसरांनी दहावी 'ब'चं गणित तिच्या पद्धतीवर सोडून दिलं. आठवडाभर काय शिकायचं ते मुलंच ठरवणार, बाई फक्त अडलं तर सांगणार. पुढे कॉलेजात कोणी हात धरून शिकवत नाही म्हणे. मग मी एकोणीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून काय केलं?

भिंतीवर तिने जीन्सचा एक खिसा टांगलाय. इथल्या कॅम्प पाच वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यातून कोणाच्या तरी पप्पांनी दिलेला. त्यावर पांढऱ्या धाग्याने शिवलंय, 'अडलंय'. ज्याला अडेल त्याने चिठ्ठी टाकायची.

आज शाळा सुटल्यावर मी त्या खिशात हात घातला. का? रिकामा निघावा, एवढंच वाटत होतं. गच्च भरलेला होता.

आणि त्यात पूजाची चिठ्ठी! पूजा माझ्या 'अ'मधली, पहिल्या बाकावरची. 'टीचर, मी तुमच्या वर्गात नाही, पण विचारलं तर चालेल ना? साइन थीटा म्हणजे नक्की काय?'

चिठ्ठी परत खिशात टाकायला हवी होती. माझ्या पर्समध्ये आहे.

मंगळवारीच तर शिकवलं होतं मी हे. दोनदा. शेवटी विचारलंसुद्धा होतं, "कळलं का?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "होऽऽ बाई!"

पूजाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.