वीतभर अंतर

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.

या वर्षी क्लबची गोल्फची मॅच-प्ले स्पर्धा जिंकायची. ठरलं. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, पण तेव्हा बूट नवीन होते.

संकल्प : रोज शंभर बॉल मारणे. संध्याकाळी भात बंद. मैदानावर चिडायचं नाही. डायरी रोज लिहायची, एकही दिवस खाडा नाही.

५ जानेवारी, रविवार.

तीन दिवस लिहायला जमलं नाही. बॉलही मारले नाहीत, हवा खराब होती. भात खाल्ला, पण थोडा.

स्पर्धेच्या जोड्या लागल्या. सोळा खेळाडू. बायकोला, जयमालाला, मॅच-प्ले समजावून सांगितलं. यात एकूण फटके मोजत नाहीत. एकास एक लढत. प्रत्येक होल वेगळा. कमी फटक्यांत ज्याचा बॉल भोकात गेला, तो होल त्याचा. उरलेल्या होलपेक्षा कोणाची आघाडी जास्त झाली की खेळ तिथेच संपला, हात मिळवायचे. ती म्हणाली, म्हणजे कॅरमसारखं. कॅरमसारखं नाही! याला डोकं लागतं. जासईच्या कंटेनर यार्डात मी एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा मॅनेजर म्हणून. डोकं शांत ठेवणं आपल्याला नवीन नाही.

पंढरीही स्पर्धेत आहे. पंढरी मूळचा दिवाळे गावचा, यार्डात त्याचे ट्रेलर चालायचे. मी रिटायर झाल्यावर यार्डातल्या बाकी कोणाचा फोन आला नाही (कामात असतात), पंढरी मात्र एक दिवस घरी आला आणि म्हणाला, शामभाऊ, घरात बसून भिंतीकडं काय बघता, चला. तेव्हापासून दोन वर्षं झाली, दर रविवारी पावणेसहाला खाली त्याचा हॉर्न वाजतो. त्याला सोबत नाही कोणाची, म्हणून मी जातो. त्याचा स्विंग बघवत नाही. कोयत्याने गवत कापावं तसा. तरी दर रविवारी तोच जिंकतो. नशीब असतं एकेकाचं.

१२ जानेवारी, रविवार.

पहिली फेरी जिंकलो! समोरचा खेळाडू दुबईला गेल्यामुळे आलाच नाही. गंगारामने, म्हणजे सुरुवातीच्या टेबलावर वही घेऊन बसतो त्याने, वहीत ‘वॉकओव्हर’ लिहिलं. मी त्याला म्हटलं, नुसतं ‘विजयी’ लिही. नाही म्हणाला.

जयमालाला सांगितलं, मॅच एकतर्फी झाली.

१४ जानेवारी, मंगळवार.

बॉल मारले : चाळीस. लागलेले : मोजले नाहीत. भात : संक्रांत होती.

१९ जानेवारी, रविवार.

पुढच्या फेरीत माझ्यासमोर पंढरी. तो पोट धरून हसला. म्हणाला, बरं झालं, दोघातला एक तर सेमीला जाईल. हरेल त्यानं मिसळ द्यायची.

त्याचं हँडिकॅप, म्हणजे क्लबने ठरवलेली खेळाची पत, माझ्यापेक्षा चांगलं असल्यामुळे मला सहा होलवर एकेक फटक्याची सूट आहे. हा खरं तर अपमान आहे. पण नियम म्हणजे नियम, घेतली.

आज नेहमीसारखंच खेळलो. आमच्यात एक पद्धत पडून गेली आहे. बॉल भोकाजवळ वीतभर आला की समोरच्याने ‘दिला’ म्हणायचं. म्हणजे तो पडलाच असं धरायचं, मारत बसायचं नाही. हल्ली तर आम्ही म्हणतही नाही. ज्याचा तो उचलतो आणि गप्पा मारत पुढे निघतो. अशाने खेळाची शिस्त राहत नाही.

२२ जानेवारी, बुधवार.

नियमांचं पुस्तक मागवलं होतं, ते आलं. वाचायला घेतलं. फार उद्बोधक आहे. मला वाटतं आमच्या कोर्सवर हे कोणीच वाचलेलं नाही.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १.

जिंकलो. पंढरीला हरवलं. सोसायटीचं झेंडावंदन चुकलं, पण खेळाडूला त्याग करावाच लागतो.

सगळं नीट लिहून ठेवतो.

अठरापैकी चौदा होल झाले तेव्हा मी दोनने मागे. (उन्हाची तिरीप डोळ्यांवर. गवतावर दव. शिवाय एक टिटवी माझ्याच फटक्याला ओरडत होती.) पंधरावा होल मी सहा फटक्यांत संपवला. पंढरीचा पाचवा फटका भोकाच्या अलीकडे वीतभर थांबला. तो पडला की होल बरोबरीत. पंढरी नेहमीसारखा आला, वाकला, बॉल उचलून खिशात टाकला आणि चालायला लागला. सांगत होता की त्याच्या बायकोने, मालतीबाईंनी, आज कोलंबी आणलीय, जयमालावहिनींना घेऊन जेवायलाच या.

मी म्हटलं, पंढरी, मी दिला नव्हता.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग मी नियम सांगितला. समोरच्याने दिलेला नसताना, जागेची खूण न करता बॉल उचलला तर एक फटका दंड. बॉल परत जागेवर ठेवून मारायचा. हा नियम काही मी केलेला नाही.

तो परत भोकाशी आला. म्हणाला, खरंच बोलताय? मी म्हटलं, स्पर्धा आहे, पंढरी.

त्याने खिशातून बॉल काढला. जागेवर ठेवला. मारला. पडला. दंड धरून सात. होल माझा.

सोळाव्याला त्याने बॉल सरळ पाण्यात घातला, गेल्या दोन वर्षांत तिथे पहिल्यांदाच. होल माझा. मॅच बरोबरीत. सतरावा कोणाचाच नाही. अठराव्याला त्याचे सहा झाले. माझे चार झाले होते आणि बॉल भोकापासून सहा फुटांवर. हा पडला तर मॅच माझी, नाहीतर अजून खेळावं लागणार. मी वाकून उतार बघत होतो, तेवढ्यात पंढरी पुढे आला, माझा बॉल उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, दिला, शामभाऊ.

हात मिळवला आणि गाडीकडे गेला.

तो मी शंभर टक्के घातला असता. सरावात दहातले तीन जातात.

परत येताना गाडीत रेडिओ लावला होता. त्याच्या स्विंगबद्दल मी दोन गोष्टी सांगितल्या. त्याने आवाज थोडा वाढवला. मिसळीला थांबलो नाही, घरी काम हाय म्हणाला. गेटवर माझी बॅग डिकीतून स्वतः काढून दिली. हार फारच मनाला लावून घेतलेली दिसते.

संध्याकाळी ६.

जयमालाला सगळं सविस्तर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, केवढा लांब होता हो तो बॉल? मी हाताने दाखवलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि मेथी निवडायला लागली. जेवायला बोलावलं होतं ना, म्हणाली. मी म्हटलं, त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तिला खेळातलं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.४०.

हॉर्न नाही. पावणेसहापासून बॅग घेऊन गेटवर उभा. वॉचमन बाजीराव म्हणाला, साहेब, गावी निघालात का? पंढरीला फोन केला. पाहुने आलेत घरी, म्हणाला.

असतील. त्यांच्याकडे पाहुणे फार येतात.

५ फेब्रुवारी, बुधवार.

सरावाला गेलो. बत्तीस बॉल मारले, तेहेतिसाव्याला पाठ धरली. एका अर्थी बरंच झालं. सेमीफायनलच्या आधी विश्रांती हवीच होती.

९ फेब्रुवारी, रविवार.

आजही हॉर्न नाही. फोन उचलला नाही. रिक्षाने गेलो. बॅग अर्धी बाहेर, मी ती दोन्ही हातांनी धरलेली. सिग्नलला एका मुलीने मोबाइलवर फोटो काढला.

कोर्सवर पोचलो तर पंढरी सहाव्या होलवर. बरोबर तिघं. त्याने लांबून हात केला. मीही केला. चौघं हसत होते. आठवडाभर राहिलेले पाहुणे असणार.

मी खेळलो नाही. चालण्याचा व्यायाम केला.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

उद्या सेमीफायनल. समोर डॉ. सुचिता. वाशीला दातांचा दवाखाना आहे, वय बासष्ट, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आणि चणीने एवढ्याशा. मला दहा होलवर सूट! मी ठरवलंय की पहिले एकदोन होल त्यांना घेऊ द्यायचे. एकदम पुढे जाणं बरं दिसत नाही.

फायनल जिंकल्यावर चार शब्द बोलावे लागतील. मुद्दे काढून ठेवले.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

पहिले एकदोन होल त्यांनी घेतले.

नंतरचे आठही त्यांनी घेतले.

दहावा होल संपल्यावर त्यांनी टोपी काढली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, मॅडम, अजून आठ होल आहेत. त्या म्हणाल्या, हो, पण मी दहाने पुढे आहे ना, संपलं आपलं. मग पर्समधून मला लिंबाची गोळी दिली. म्हणाल्या, ऊन वाढलंय, घरी जाऊन पडा थोडं.

कारणं : रिक्षात पाठ आखडली. ग्लोव्ह आकसलाय. त्या फार हळू बोलतात, त्यामुळे एकाग्रता भंगते. आणि सोबत ओळखीचं कोणी नव्हतं. खेळाडूला थोडी कुजबुज लागते, अरे वा वगैरे.

गंगारामने फळ्यावर लिहिलं : दहा-आठ. त्याला विचारलं, असा निकाल लागतो का कधी? म्हणाला, अठरा होलच्या मॅचमधे याच्यापेक्षा मोठ्या फरकाने हरताच येत नाही, साहेब. आपल्या कोर्सवर पहिल्यांदाच झालंय.

म्हणजे विक्रमच म्हणायचा.

पंढरीला फोन करावासा वाटला. तो असता तर हसला असता, आणि मग मलाही हसू आलं असतं. नाही केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळी ७.

पंढरीच्या घरी जाऊन आलो, दिवाळ्याला. गैरसमज वाढू देऊ नये, मोठ्या मनाने पुढाकार घ्यावा, असं ठरवून. नियमांचं पुस्तक बरोबर नेलं होतं, पानाला खूण घालून.

मालतीबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. अंगणात वाकटीची मासळी सुकत घातली होती. पंढरीने जयमालाची चौकशी केली, माझ्या पाठीची केली. सगळं व्यवस्थित. मग मी पुस्तक उघडून पान दाखवलं. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाला, बरोबर हाय शामभाऊ. मी कुठं चूक बोललो?

मी म्हटलं, मग झालं तर.

त्याने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, दोन वर्सं आपन एकमेकाला देत आलो. मला वाटलं, ते चालूच हाय. माझंच चुकलं, मी इचारायला पायजे होतं.

मालतीबाई आत गेल्या.

मी विचारलं, रविवारी? तो म्हणाला, आता आमी चौघं झालो ना. पुतन्या हाय, त्याचे दोन दोस्त हायत. पाचवा घेत नाय कोर्सवर, तुमाला तर नियम म्हाईत हाय.

हे तो टोचून बोलला नाही. तेच कसंतरी वाटलं.

असो. चर्चा समाधानकारक. नियम त्याने मान्य केला, हे महत्त्वाचं. पुस्तक रिक्षात राहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार.

गंगाराम म्हणतो, एकट्या माणसाला रविवारी सकाळची वेळ देता येत नाही, गर्दी असते. अकरानंतर या. कोणाबरोबर जोडून देतोस का, विचारलं. त्याने दोघातिघांना विचारलं. सगळ्यांचे गट भरलेले होते. एकाने तर माझं नाव ऐकूनच भरला.

परत आलो. जयमालाला सांगितलं, कोर्सवर औषधफवारणी चालू आहे.

२ मार्च, रविवार. दुपारी ३.

आज अकराला सुरू केलं. मैदानावर चिटपाखरू नाही. उन्हाने ग्रिप हाताला चिकटत होती.

नुसतं एकट्याने खेळण्यात अर्थ नाही, मॅच-प्लेची सवय राहिली पाहिजे, म्हणून दोन बॉल घेतले. पांढरा माझा, पिवळा पंढरीचा. दोन्ही मीच मारायचे, पूर्ण निःपक्षपातीपणे. पंढरीचा मारताना मी त्याच्यासारखा मारला, कोयता चालवल्यासारखा, काही विचार न करता. माझा मारताना डोकं स्थिर, डावा खांदा हनुवटीखाली, सगळं शास्त्रशुद्ध.

चौदाव्या होलला पंढरी पाच होलने जिंकला. मी थोडा वेळ तिथे सावलीत बसलो.

तरी फटके दोन्हीकडून माझेच होते. त्या हिशेबाने आज मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

घरी आलो. जयमालाने विचारलं, एवढ्या उन्हाचे कोणाबरोबर खेळलात? म्हटलं, कोणाबरोबर म्हणजे? पंढरीबरोबर. मिटलं आमचं सगळं. मस्त मॅच झाली. तुझी आठवण काढत होता.

तिने ताट वाढलं. भात जरा जास्तच वाढला, मीही खाल्ला. माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. हात धुऊन आलो तेव्हा म्हणाली, सकाळी मालतीबाईंचा फोन येऊन गेला. ते सगळे कालपासून कार्ल्याला आहेत, एकवीरेला. प्रसाद पाठवते म्हणाल्या, आपल्यासाठी.