वर बारकी, खाली मोठी

प्रिय ठमाबाई,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. महिनाअखेर राजीनामा देऊन आमच्याबरोबर शेती करायला येतेस, असं लिहिलंयस. ते वाचून तुझे बाबा इतके हरखले, की कपाळावरचा चष्मा घरभर शोधत फिरले. तुझ्या खोलीतली खताची पोती त्यांनी एकट्यानं बाहेर काढली आणि मग दोन दिवस कंबर धरून बसले.

ही शेती परवडते का, असं विचारलंयस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय सांगू? यंदा टोमॅटो चांगला आला, म्हणजे तोडणीला मी जास्त वाकले. सगळ्यांचाच चांगला आला, म्हणून भाव पडला. त्यात यांचा हट्ट तुला ठाऊकच आहे. सारं जग मोठी फळं वर मांडतं, हे मोठी तळाशी घालतात आणि बारकी वर. "घरी जाऊन क्रेट उपसला की माणूस खूश झाला पाहिजे," म्हणतात. व्यापारी वरचा थर बघून भाव ठरवतो आणि उपसताना एकटाच खूश होतो. त्याला खूश करण्यात आमची छत्तीस वर्षं गेली. मध्यंतरी यांचं लक्ष नसताना मी चार क्रेट उलटे भरले. भाव चढा मिळाला. यांना कळलं तेव्हा रागावले नाहीत, फक्त जेवले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, पुन्हा नाही करणार.

माझं म्हणशील तर उजव्या हाताची बोटं सकाळी मिटत नाहीत. वाकायचं, ओढायचं काम आता बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. यांना मी नुसता हात मुरगळलाय म्हणून सांगितलं. हल्ली भांडी हेच घासतात, आणि वाईट घासतात.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी हे आपण होऊन म्हणाले होते, शेत शेजाऱ्यांना कसायला देऊन टाकू. किती वर्षांनी मी निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी पत्र आलं आणि यांनी पुढच्या हंगामाची दुप्पट रोपं सांगून ठेवली. मी थांबा म्हटलं तर ते त्याच क्षणी थांबतील गं. पण माझ्यापायी शेत सोडलं, हे मनात धरून बसतील आणि त्याबद्दल एक शब्द काढणार नाहीत. ते मला सोसायचं नाही. म्हणून तुझा विचार बदलला, असं तूच त्यांना कळव. तुला इथली किती ओढ आहे ते मला माहीत आहे, आणि बाबांचं तोंड कसं उतरेल तेही. तरी मागते आहे. येऊ नकोस, बाळा. मी दमले.

तुझीच,
पोटच्या पोरीला येऊ नको म्हणणारी
आई