एकच जन येते

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज आमचा फिरायला जायचा पहिला दिवस. निवृत्त झालो की दोघांनी रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून चालायचं, हे मी आणि नंदानं कितीतरी वर्षं ठरवून ठेवलेलं. सारखेच पांढरे बूट घेतले. गुडघे तयार झाले की एक दिवस प्रतापगडही चढायचा.

पाळीच्या टोकाला एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. मी दोन पुड्या मागितल्या. तिनं एकच बांधली. "दुसरी कायले? रोज त एकच जन येते."

"आमी आजच येऊन राहिलो, बाई," नंदा म्हणाली.

म्हातारीनं आमच्या पायांकडे पाहिलं. "हेच पांढरे बूट. रोज पाहून राहिली मी."

बूट कालच घेतलेत. दुसरं कुणी असेल. असेलच.

पण तिचं ते 'येते' डोक्यातून जात नाही. आपल्या वैदर्भी बोलीत 'तो'ही येते आणि 'ती'ही येते. मी मराठीचा मास्तर, जन्मभर पोरांच्या वहीत 'तो येते'खाली लाल रेघ मारली. आज त्या बाईला विचारायचं होतं, आमच्यातलं एकटं उरलेलं कोण, तो की ती? विचारलं नाही.

घरी आल्यावर नंदानं दोन्ही जोड पुसून दाराशी ठेवले. मग म्हणाली, "तुमी काऊन नाही विचारलं तिले?"

"तू काऊन नाही विचारलं?"

शिंगाड्यांची एकच पुडी ओट्यावर पडून आहे. दोघांपैकी कुणीच ती उघडत नाही.