घसा मानेच्या वर की खाली?

मु. तिसगाव,
पौष वद्य एकादशी, शके १८६७

ती. स्व. अक्कास,

धाकट्या इंदूचा तिसगावाहून साष्टांग नमस्कार. (आजवर हा शब्द मी पत्रात नुसता सवयीने लिहीत आले. ती आठ अंगं कोणती आणि त्यांतलं कोणतं आधी दुखू लागतं हे आता मला नीट माहीत आहे, तेव्हा या खेपेचा नमस्कार खरा समजावा.) तुझं पत्र पावलं. चि. मधूचा गोवर ओसरला हे वाचून जीव भांड्यात पडला. भावोजींचा दवाखाना जोरात असेल, आणि रोग्यांवर ओरडणंही तसंच असेल. इकडे थंडी कडाक्याची आहे. ज्वारी हुरड्याला आली, पण यंदा हुरडा खायला आमच्या घरातून कोणी हललेलं नाही. का ते सांगते. जरा लांबेल, तेव्हा मधूला निजवून मग वाच.

सासूबाई मार्गशीर्षात वन्संच्या बाळंतपणासाठी संगमनेरला गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. निघताना गाडीत पाय ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "यांना जप. सांगून उपयोग नसतो, नुसतं जप." 'यांना' म्हणजे मामंजींना. आमचे विष्णुपंत मास्तर तुला लग्नातले आठवत असतील (जेवणाच्या पंक्तीत व्याह्यांच्या दंडाला हात लावून 'रोज किती नमस्कार घालता?' असं विचारणारे तेच). बत्तीस वर्षं शाळेवर होते. पेन्शनीत निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एकशेआठ सूर्यनमस्कार घातले आणि संकल्प सोडला की एक हजार दिवस खंड पडू द्यायचा नाही. येत्या रथसप्तमीला हजारावा दिवस आहे. घरातल्या इतरांना रोज बारा सक्तीचे. लग्न होऊन आल्यापासून मीही नऊवारीचा ओचा खोचून बारा घालते, आणि इकडची स्वारीही शाळेत शिकवायला जायच्या आधी बारा घालते, म्हणजे सात.

तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, नऊशे चौऱ्याहत्तराव्या दिवशी, मामंजींना शिंक आली. एक नव्हे, अकरा. संध्याकाळपर्यंत नाक चोंदलं, डोळे लाल झाले. आता पंचाईत अशी की जो नियमाने व्यायाम करतो त्याला आजार होत नाही असं ते बत्तीस वर्षं मुलांना शिकवत आले. म्हणजे दोनच अर्थ निघत होते: एक तर व्यायामाने आजार टळत नाही, किंवा त्यांना झालं ते आजारच नव्हे. त्यांनी दुसरा अर्थ धरला आणि दुसऱ्या दिवशी एकशेआठ घातले.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. एकदा डोक्यात प्रश्न शिरला की मला भाजी चिरताना बोट दिसत नाही. आजारी माणसाने व्यायाम करावा की करू नये? स्वारीला विचारलं, तर "प्रश्न मोठा आहे" असं उत्तर मिळालं आणि टोपी घालून प्रयाण झालं. मग दूध घालायला गोजरबाई आली तिला विचारलं. ती आपल्या वस्तीवरून मैलभर चालत येते, आणि त्या दिवशी तिचं स्वतःचंच अंग तापलेलं होतं. मी म्हटलं, "अगं, तापात अशी फिरतेस, तुला काही होत नाही?" चरवी कलती करत ती म्हणाली, "व्हतं की. कोन म्हनलं न्हाई व्हत? पर म्हशीला काय सांगू, आज धार न्हाई म्हनून?" मी तिला आल्याचा काढा दिला आणि बसवून घेतलं. (पाव घटका बसली. म्हशीची आठवण येऊन उठली.)

खरं उत्तर मिळालं ते छगन पैलवानाकडून. हा आता चाळिशी ओलांडून गेला आहे, पण एके काळी काष्टीपर्यंतच्या जत्रा गाजवून आलेला. मामंजींच्या हाताखाली दुसरीपर्यंत शिकला, म्हणून अजून येता-जाता पायरीशी टेकतो. तो म्हणाला, "आमच्या वस्तादाचा कायदा सोपा हुता, मास्तर. दुखनं मानंच्या वर आसंल, नाक, डोळं, डोस्कं, तर हळू हळू खेळा. मानंच्या खाली उतरलं, छाती धरली, अंग मोडून आलं, तर लंगोट खुंटीला. मंग वस्ताद सवता जरी म्हनला तरी उतरायचं न्हाई." मला हा नियम फारच आवडला. इतका सोपा आणि कोणालाही न दुखावणारा नियम मी शाळेच्या पुस्तकातही वाचलेला नाही. मामंजींनाही आवडला, कारण त्यांचं सगळं अजून मानेच्या वर होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला.

अक्का, तू हसशील, पण त्या दिवशी आमच्या घरात दुपारपर्यंत दुसरा विषय नव्हता. घसा मानेच्या वर की खाली? मामंजींचं म्हणणं, घसा तोंडातून दिसतो, तोंड वर आहे, म्हणून घसा वर. माझं म्हणणं, घसा मानेतच आहे, तेव्हा तो वरही नाही आणि खालीही नाही. मामंजींनी माळ्यावरून शरीरशास्त्राचं जुनं पुस्तक काढवलं, तर चित्रातल्या माणसाने नेमकं गळ्याभोवती उपरणं घेतलेलं! स्वारी दोन्ही बाजू ऐकून म्हणाली, "बिनतोड," आणि कोणाचं ते सांगितलं नाही. शेवटी छगनला पुन्हा बोलावलं. तो गंभीर होऊन म्हणाला, "गळा म्हंजी उंबरा हाय, मास्तर. उंबऱ्यात उभं ऱ्हाऊ नये. आत तरी या, न्हाईतर भाईर तरी जा." यावर मामंजींनी निकाल दिला की ते उंबऱ्यात आहेत खरे, पण तोंड बाहेरच्या बाजूला आहे, तेव्हा नमस्कार चालू.

चौथ्या दिवशी मी चुलीशी होते. पडवीत त्यांचे नमस्कार चालले होते आणि सूर्याची बारा नावं ऐकू येत होती, रोजच्यापेक्षा हळू. गोजरबाई दूध मापता मापता थांबली. म्हणाली, "बाई, म्हाताऱ्याच्या छातीत खरखर वाजती. हितवर ऐकू येतं." मी कान दिला, आणि तेवढ्यात नावं बंद झाली. मी पडवीत गेले तर मामंजी साष्टांगात पडलेले, कपाळ भुईला. मी वाट पाहिली. दहा मोजले, वीस मोजले. ते उठेनात. हाक मारली तर म्हणाले, "जरा लांबवतो आहे." आवाज फार बारीक होता.

आता जे केलं ते सासूबाईंना कळलं तर काय होईल देव जाणे, पण मी भुईवर बसले आणि सासऱ्यांच्या पाठीला सरळ कान लावला. अक्का, आतून असा आवाज येत होता जसा हुक्क्याच्या पाण्यातून येतो. आणि बंडी चटका बसेल इतकी तापलेली. मी म्हटलं, "मामंजी, हे मानेच्या खाली आहे." ते म्हणाले, "घसाच आहे तो." मी म्हटलं, "घसा पाठीत कसा वाजेल?" तेव्हा ते कुशीवर झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालपासून आहे. तुला सांगितलं नाही." गोजरबाईने आणि मी धरून त्यांना अंथरुणावर नेलं.

मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. मी बरंच बोलले. (सून म्हणून जेवढं बोलावं त्याच्या तिप्पट.) दुखणं लपवणं म्हणजे घरातल्या माणसांना फसवणं आहे, मी सासूबाईंना काय तोंड दाखवू, वगैरे. ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सूनबाई, माझ्याबरोबरचे सूर्यभान मास्तर पेन्शनीत निघाले आणि वर्षात गेले. काही रोग नव्हता. सकाळी उठून करायचं काय, एवढंच त्यांना सुचेना. मला ती भीती वाटते. नऊशे सत्त्याहत्तराव्या दिवसावर मोडलं तर मी परत एकपासून सुरू करीन असं तुला वाटतं का? मला नाही वाटत."

स्वारीने मात्र त्या दिवशी कमाल केली. शाळा सोडून, मिळेल त्या गाडीने पाथर्डी गाठून, तिसऱ्या प्रहरी डॉक्टर घेऊन स्वारी परत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, छातीला अळशीचं पोटीस सांगितलं आणि बजावलं की तीन आठवडे आडवं राहायचं, नमस्काराचं नावही घ्यायचं नाही, आणखी दोन दिवस असंच चाललं असतं तर आपल्याला बोलावून उपयोग नव्हता. मी त्यांना छगनचा नियम सांगितला. ते म्हणाले, "पैलवानाला कोणी शिकवलं हे?" आणि माझ्यासमोर तो वहीत उतरवून घेतला.

डॉक्टर गेल्यावर मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशीचे एकाहत्तर झाले होते, सदतीस राहिले होते. स्वारी खांबाला टेकून उभी होती, ती एकदम म्हणाली, "यजमानाला जमलं नाही तर अनुष्ठानाला ब्राह्मण बसवतातच की." मी म्हटलं, "मग मला बसवा." मामंजी वळले. शास्त्रात बसतं का हे रंगनाथभटजींना विचारावं, असं ते म्हणाले आणि लगेच म्हणाले, "नको, विचारलं तर ते नाही म्हणतील." सूर्य बुडायच्या आत मी सदतीस घातले. शेवटचे चार कसे घातले ते मला आठवत नाही.

तेव्हापासून आज बारा दिवस मी रोज एकशेआठ घालते आहे. मामंजी घोंगडी पांघरून अंथरुणावरून बारा नावं म्हणतात आणि मास्तरकी करतात. कपाळ टेकलं नाही, हा धरत नाही. गुडघा वाकला, परत. पहिले तीन दिवस मला वरवंटा उचलेना. सहाव्या दिवशी एकाएकी श्वास मोकळा झाला, जणू छातीत कोणी खिडकी उघडली. आता विहिरीवरून दोन घागरी घेऊन वाटेत न थांबता येते. आणि एक गंमत सांगते: कपाळ भुईला टेकलं की नगर रस्त्याने जाणाऱ्या बैलगाड्या जमिनीतून ऐकू येतात. भरलेली कोणती आणि रिकामी कोणती तेही मला आता कळतं. चार वर्षं या घरात राहते आहे, पण बारा घालताना कपाळ कधी नीट टेकवलंच नाही, म्हणून हे मला माहीत नव्हतं. मामंजींची खरखर गेली आहे. काल मऊ भात आणि मेतकूट मागून खाल्लं. रथसप्तमीला अजून अकरा दिवस आहेत.

भावोजींना नमस्कार, मधूचा गालगुच्चा घे. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

तुझी,
इंदू

ता. क. भावोजींना एक विचारशील का? माझं नाव न घेता विचार, शेजारणीचं म्हण. एखाद्या बाईला सकाळी उठल्या उठल्या मळमळतं, फोडणीचा वास सोसत नाही, बाकी प्रकृती उत्तम आहे. अशा बाईने रोज एकशेआठ नमस्कार घातले तर चालतील का? बारा चालतील का?

दुसरा ता. क. सासूबाई गेल्यापासून स्वारीवर एकदाही पिठलं-भात रांधायची पाळी आली नाही, की मी चार दिवस बाहेर बसले नाही, ही गोष्ट या घरातल्या दोन्ही विद्वान पुरुषांच्या ध्यानात आलेली नाही. तुझ्या एव्हाना आली असेल. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझे नमस्कार त्याच क्षणी बंद होतील आणि मामंजी अंथरुणातून उठून स्वतः घालायला लागतील. दुखणं लपवण्याबद्दल मी त्यांना काय काय बोलले ते वर लिहिलंच आहे. ते खोडायचं होतं, पण शाई पुरायची नाही. (आणि हे दुखणं नव्हे.) उत्तर येईपर्यंत दर बारांनंतर बसते, पाणी पिते आणि मगच पुढचे घालते.

तिसरा ता. क. आलेलं पत्र मामंजीच फोडतात आणि अंथरुणावरून सर्वांना मोठ्याने वाचून दाखवतात. तेव्हा भावोजी 'चालेल' म्हणाले तर 'लिंबाचं लोणचं छान मुरलं' असं लिही, 'बंद कर' म्हणाले तर 'लोणचं नासलं' असं लिही. दुसरं एक अक्षर नको, आनंद तर मुळीच दाखवू नकोस. नासलं म्हणालीस तर मी ऐकेन, त्याच दिवशी थांबेन, अक्का, तुझी शपथ. पण आधी थोडी रडेन. आणि एका लोणच्यासाठी सूनबाई एवढी का रडते, असं मामंजींनी विचारलं तर त्यांना काय सांगायचं, तेही भावोजींनाच विचार.