मगरिबच्या आत

मिन्या, ७ मे १९८४

आदरणीय शहातादादा यांस,
बहियाचा सलाम, वि. वि.

माझे महरूस गेले, ही तार पोचली असेल. खाणीत दगड कापायच्या करवतीतून विजेचा झटका बसला. तळवा काळा पडला होता. आरोग्य निरीक्षकानं दारातूनच पाहिलं आणि लिहिलं, रक्ताभिसरण अचानक थांबलं. मेल्यावर कुणाचं चालू राहतं रे? मी भांडायला लागले, तर काका म्हणाले, वीज लिहिली की मयत चिरायला शहरात नेतील, दफन उद्यावर जाईल. मगरिबच्या आत, दिवस मावळायच्या आधी माती दे, नवऱ्याची अब्रू ठेव. मी त्यांना नेऊ दिलं.

करवत तशीच चालू आहे आणि तिच्यावर आता आपला धाकटा भाऊ बखीत उभा राहतो. दाखला बदलून मागायला कचेरीत खेटे घालतेय. कारकून चहा ढवळत म्हणतो, कागदावर वीज नाही, म्हणजे करवतीत खोट नाही. बखीतला तू दटाव. माझं तो हसण्यावारी नेतो.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी बहिया

कुवेत, २ जून

चि. बहियास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दाखल्यासाठी कबर उकरायच्या गोष्टी करतेस, असं काकांनी कळवलं. वेड लागलंय का तुला? लहानपणी चोरीला गेलेल्या कोंबडीसाठी मुखियाच्या उंबऱ्यात आडवी बसली होतीस, ती खोड अजून गेली नाही. मालक तारा बदलणार आहे म्हणे. बखीतचं लग्न ठरलंय, कमावू दे त्याला. सबुरीनं घे.

पोरांना पापे. पत्र टाकत जा, म्हणजे जिवाला बरं वाटतं.
तुझा शहाता

मिन्या, १९ जून

आदरणीय दादा,
सलाम, वि. वि.

आपला बखीत गेला. त्याच करवतीवर. तारा बदलल्याच नव्हत्या.

काकांनी जनाजा उचलायला माणसं जमवली. निरीक्षक तेच वाक्य लिहायला टेकला होता. मी उंबऱ्यात आडवी बसले. काका ओरडले, कैदाशिणी, सख्ख्या भावाची विटंबना करतेस. मी म्हटलं, न्यायचंय तर माझ्या अंगावरून न्या. मगरिबची बांग झाली तरी हलले नाही. शेवटी पोलिसांची गाडी आली आणि त्याला शहरात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तो टाके घालून परत आला. दाखल्यावर लिहिलंय, विजेचा धक्का. करवतीला सील लागलं. काका माझ्या घरचं पाणी पीत नाहीत.

महरूसना आपण वेळेत पोचवलं, दादा, गावानं वाहवा केली. त्याची किंमत बखीतनं भरली. त्याला मातीत जायला उशीर झाला, म्हणून माझ्यावर रागावू नकोस.

त्याच्या वाट्याचा लोभही आता मलाच दे.
तुझी बहिया